म्हादेई, आयएनएसव्ही

भारतीय नौदलाची सागरसफरीची शिडाची नौका. लांबी सुमारे 17 मीटर (56 फूट). व्हॅन डी स्टाड या डच संस्थेच्या आराखड्यावरून रत्नाकर दांडेकर यांनी ती गोव्यातील दिवाडी बेटावर बांधली. फेब्रुवारी 2009 मध्ये ती नौदलात दाखल झाली. मांडवी नदीचे दुसरे नाव तिला मिळाले.

दिलीप दोंदे यांनी 2009-10 मध्ये तिच्यातून एकट्याने, चार बंदरांत थांबत पृथ्वीप्रदक्षिणा केली. अभिलाष टॉमी यांनी 2012-13 मध्ये तीच प्रदक्षिणा कुठेही न थांबता पूर्ण केली.

अशी नौका पाण्यावर असते त्याहून कारखान्यात जास्त खर्च मागते. लाकडी पट्ट्यांवर काचतंतू व इपॉक्सी चढवलेल्या सांगाड्यात पाणी मुरले, तर आतले लाकूड कुजते. म्हणून तडा दिसताच तो खरवडून, वाळवून भरावा लागतो. तळाला शेवाळ आणि शिंपले धरले की वेग घटतो. तेव्हा नौका बाहेर काढून तळ घासतात व शेवाळरोधक रंग देतात. खाऱ्या पाण्यात इतर धातूंच्या आधी झिजावेत म्हणून लावलेले जस्ताचे तुकडेही तेव्हाच बदलतात. डोलकाठी तोलून धरणाऱ्या पोलादी तारा वरून चकचकीत दिसल्या, तरी टोकाशी आतून तडकतात. उन्हाने शिडांची शिवण आधी जाते.

टाक्या, नळ, झडपा यांकडे दुर्लक्ष महागात पडते. टॉमी यांच्या सफरीत पिण्याच्या पाण्यात डिझेल मिसळले आणि त्यांना पावसाच्या पाण्यावर भागवावे लागले.

नौदलाच्या तारिणी या शिडाच्या नौकेच्या महिला दलाने म्हादेईवरच सराव केला. दांडेकरांच्याच कारखान्यात बांधलेली तारिणी 2017 मध्ये नौदलात आली.