पाठ लागली का नाही? खान्देश, कुस्ती आणि पंचांचा निर्णय

बसमध्ये असाल, हेडफोन लावून गोलाणी मार्केटजवळ मित्राची वाट बघत असाल, नाहीतर रात्री अंथरुणात पडून ऐकत असाल, आजचा विषय तुमच्याच फोनमधून आलाय.

२ फेब्रुवारी २०२५ ची रात्र आठवा. अहिल्यानगरला महाराष्ट्र केसरी सुरू होती. गादी विभागाची अंतिम कुस्ती, शिवराज राक्षे विरुद्ध पृथ्वीराज मोहोळ. पंचांनी शिवराजला चितपट दिलं. शिवराजचं म्हणणं, माझे दोन्ही खांदे टेकलेच नाहीत. अपील मान्य झालं नाही आणि मग त्याने पंचांची कॉलर धरली, लाथ मारली. त्याच रात्री किताबाच्या कुस्तीत महेंद्र गायकवाड पंचांच्या निर्णयावर चिडून शेवटच्या काही सेकंदांत मैदान सोडून गेला. गदा पृथ्वीराजला मिळाली. शिवराज आणि महेंद्र, दोघांवर तीन वर्षांची बंदी आली.

आमच्या जळगावच्या ग्रुपवर ती क्लिप किती वेळा आली असेल, मोजलं नाही. कुणी स्लो मोशन करून टाकतंय, कुणी स्क्रीनशॉटवर लाल गोल काढतंय. "पाठ लागनीच नही, भो!" हे एकाचं. "लागली, नीट बघ," हे दुसऱ्याचं. क्लिप तीच, फोन वेगवेगळे. मी पण भांडलो, खोटं कशाला सांगू. लाथेचं समर्थन मी तेव्हाही केलं नाही, आजही करत नाही. पण खांद्यांबद्दल माझं मत होतं आणि ते मी रात्री एकपर्यंत टाइप करत होतो.

दुसऱ्या दिवशी डोक्यात आलं, हे भांडण किती जुनं असेल?

जुन्या दंगलीपासून सुरू करू. चैत्रात धुळ्याला एकवीरा देवीची यात्रा भरते. गावोगावी अशा यात्रा आणि त्यांच्याबरोबर कुस्त्या आल्याच. पोरांच्या नारळाच्या कुस्तीपासून सुरुवात, मोठ्या इनामाची जोड शेवटी. त्या मातीत गुण नव्हते, घड्याळही सैलच. निकाल एकच, पाठ मातीला लागली का? लागली तर चितपट, नाही लागली तर दोघांचे हात वर करून बरोबरीत सोडवायची. पंच म्हणजे गावातलाच एखादा जुना पैलवान. त्याचा निर्णय मान्य व्हायचा तो पुस्तकातल्या नियमामुळे नाही. त्याने जे पाहिलं ते हजार लोकांनीही पाहिलेलं असायचं, म्हणून. पाठीला चिकटलेली लाल माती हाच पुरावा.

अर्थात भांडणं तेव्हाही व्हायची. माझे मामा पारोळ्याकडचे. तरुणपणी एका यात्रेत त्यांची कुस्ती अशीच अडली. पंच म्हणाले पडला, अर्धा गाव म्हणाला नाही पडला. शेवटी वस्ताद मंडळींनी मधला रस्ता काढला, पुन्हा लावा. दुसऱ्यांदा मामा सरळ सरळ चितपट झाले. आज पासष्टीला आलेत, पण गोष्ट पहिल्या कुस्तीचीच सांगतात. "दुसऱ्यांदा पडलो, कबूल. पहिल्यांदा नव्हतो पडलो."

आता महाराष्ट्र केसरी. स्पर्धा १९६१ ला औरंगाबादला सुरू झाली आणि दुसऱ्याच वर्षी, १९६२ ला, धुळ्यात आली. विजेते भगवान मोरे. १९६६ ला जळगावात दीनानाथ सिंह जिंकले. म्हणजे आपला खान्देश या स्पर्धेत अगदी सुरुवातीपासून आहे. आणि मग १९७७, चाळीसगाव. विजेत्यांची यादी वाचत खाली आलात की १९७६ पुढे हिरामण बनकर, १९७८ पुढे आप्पासाहेब कदम. मधे चाळीसगावपुढे कुणाचंच नाव नाही. अनिर्णित. राज्यातली सगळ्यात मोठी कुस्ती आपल्या जिल्ह्यात झाली आणि गदा कुणाच्याच खांद्यावर गेली नाही. आज टीव्हीवर असं होईल, अशी कल्पनाही करवत नाही. आज निकाल लागलाच पाहिजे. आणि तो लावायचा म्हणून गुण आहेत.

गुणांनी काय बदललं ते बघा. तीन तीन मिनिटांचे दोन डाव. खाली आणून ताबा घेतला की २ गुण. उभ्याने उचलून थेट पाठीवर, म्हणजे धोक्याच्या स्थितीत टाकलं की ४. रिंगणाबाहेर ढकललं की १. आता 'धोक्याची स्थिती' म्हणजे काय, तर पाठीचा गादीशी कोन नव्वद अंशांच्या आत यायला हवा. तो कोन अर्ध्या सेकंदात, दोन घामेजलेल्या शरीरांच्या गुंत्यात, पंचाने डोळ्याने मोजायचा. मातीचा पुरावा इथे नाही, गादी पाठीला चिकटत नाही.

जानेवारी २०२३ ला पुण्यात नेमकं हेच झालं. माती विभागात सिकंदर शेख आणि महेंद्र गायकवाड. महेंद्रने बाहेरील टांग लावली, पंचांनी ४ गुण दिले. सिकंदरच्या बाजूच्यांचं म्हणणं, तो धोक्याच्या स्थितीत गेलाच नव्हता, २ च द्यायला हवे होते. महाराष्ट्रभर या दोन गुणांवर वाद पेटला, पंचांना धमकीचा फोन गेला. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये सिकंदर महाराष्ट्र केसरी झाला. अंतिम कुस्तीत समोर कोण? शिवराज राक्षे. काही सेकंदांत चितपट, एकाही गुणाचा वाद नाही.

कुणी म्हणेल, मग कॅमेरा लावा ना. लावलाय की. गादीवर तीन पंच असतात, चितपट द्यायला त्यांच्यातल्या दोघांचं एकमत लागतं, प्रशिक्षक निर्णयाला आव्हान देऊन व्हिडिओ मागू शकतो. पण कॅमेऱ्याने प्रश्न मिटतात हे खरं नाही, आणि याचं उदाहरण अमेरिकेत आहे. तिथला फुटबॉल, हेल्मेटवाला. जानेवारी २०१९, न्यू ऑर्लीन्स सेंट्स विरुद्ध लॉस एंजलिस रॅम्स, जिंकणारा सुपर बोलला जाणार. चेंडू पोचायच्या आधीच रॅम्सच्या खेळाडूने समोरच्याला धडक दिली, सगळ्या स्टेडियमने पाहिलं, पंचांनी फाउल दिला नाही. सेंट्स हरले. चाहते कोर्टात गेले! लीगने पुढच्या मोसमात असे निर्णयही व्हिडिओवर तपासायची सोय केली. वर्षभरात इतका गोंधळ झाला की २०२० ला ती सोय काढून टाकली. स्लो मोशनमध्ये प्रत्येक धक्का फाउल वाटतो. आमच्या ग्रुपवर तेच चाललं होतं, फक्त खांद्यांवरून.

मला वाटतं खरा प्रश्न क्लिपचा नाही. पैलवानाला वाटलं की आपल्यावर अन्याय झाला, तर त्याने जायचं कुठे? खाशाबा जाधवांचं बघा. १९५२ च्या ऑलिंपिक निवडीत ते निरंजन दासकडून एका गुणाने हरले. पंचांनी पक्षपात केला असं त्यांचं म्हणणं. ते थेट पतियाळाच्या महाराजांकडे गेले, पुन्हा कुस्ती लावून घेतली आणि दासला चितपट केलं. पुढे हेलसिंकीत एक कुस्ती संपते न संपते तोच त्यांना सोव्हिएत रशियाच्या मामादबेयोवशी लढायला उभं केलं. मध्ये अर्धा तास विश्रांतीचा नियम होता. पण तो दाखवून भांडायला भारताचा एकही अधिकारी तिथे हजर नव्हता. खाशाबा हरले, कांस्य मिळालं. पहिल्या वेळी दाद मागायला दार होतं, दुसऱ्या वेळी नव्हतं. पैलवान तोच.

आणि पणाला काय लागतं ते आपल्याच चाळीसगाव तालुक्यात बघा. सायगाव बगळीचा विजय चौधरी. २०१४, २०१५, २०१६, सलग तीन वेळा महाराष्ट्र केसरी आणि मग पोलिसात डीवायएसपी. एका गदेमागे घर उभं राहतं. खुराक, तालीम, बापाने काढलेलं कर्ज, सगळं त्या सहा मिनिटांत असतं. तीन वर्षांची बंदी म्हणजे पंचविशीतल्या पैलवानाची ऐन उमेदीची वर्षं गेली. आणि शिट्टी वाजवणारा पंचही कुणाचा तरी जुना पैलवान असतो, लाथ खाऊन दुसऱ्या दिवशी त्याला गावात तोंड दाखवायचं असतं. ग्रुपवर लाल गोल काढताना यातलं काहीच माझ्या डोक्यात नव्हतं.

मामांना मी ती अहिल्यानगरची क्लिप दाखवली. चष्मा लावून तीनदा पाहिली. म्हटलं, काय मामा, लागली का पाठ? फोन परत दिला आणि म्हणाले, "पुन्हा लावायला पाहिजे होती."

एक काम करा. तुमच्या घरात, गल्लीत, तालमीत १९७७ ला चाळीसगावच्या मैदानात बसलेलं कुणी असेल, तर त्यांना बोलतं करा आणि व्हॉइस नोट पाठवा. अहिराणीत असली तरी चालेल, अहिराणीतच असू द्या. पुढचा भाग त्यांच्या आवाजात करू.