पिंपळे सौदागरची वाटणी

पिंपळे सौदागरची शेती इमारतींनी गिळली, असे सर्रास म्हटले जाते. पवनेकाठचे हे गाव पिंपरी-चिंचवड महापालिकेत गेले, जवळ हिंजवडीला आयटी पार्क आले आणि पिकाच्या जमिनीवर सोसायट्या उठल्या, हे खरेच आहे. पण नुसत्या शेतीवर घर चालवणे इथे त्याच्या कितीतरी आधी अशक्यप्राय झाले होते. पुण्याच्या कृषी महाविद्यालयाचे प्राचार्य हॅरॉल्ड मान यांनी या गावाची पाहणी करून ती १९१७ मध्ये प्रसिद्ध केली. जुने दप्तर ताडून त्यांनी दाखवले की १७७१ मध्ये खातेदाराकडे सरासरी ४० एकर जमीन होती. १८१८ मध्ये ती साडेसतरा एकरांवर आली आणि १९१५ च्या सुमारास अवघ्या सातांवर. जिराईत जमिनीचे सात एकर, तेही ठिकठिकाणी विखुरलेले. एवढ्यावर बैलजोडी पोसायची आणि माणसेही! साहजिकच खडकीच्या दारूगोळा कारखान्यातली मजुरी घराला आधार देऊ लागली आणि शेत पगाराची जोड बनले.

यावर कोणी म्हणेल, पेशवाईतले ४० एकर सगळे पिकाखाली थोडेच असतील? नसतीलही, पण घसरणीची दिशा त्याने बदलत नाही. दुसरा आक्षेप जास्त वजनदार आहे. एकेका शेताचे चार तुकडे करणारे भाऊ अडाणी नव्हते. पाऊस बेभरवशाचा असताना नदीकाठच्या काळ्या रानात आणि माळाच्या मुरमाडातही प्रत्येकाचा वाटा असणे, हा भावाभावांतला न्यायच होता आणि दुष्काळातला विमाही. १९४७ च्या तुकडेबंदी कायद्याने ही बाजू पुरेशी ओळखली नाही, असे मला वाटते. तुकडा वाटायला त्याने मनाई केली, पण वाटा न मिळणाऱ्या भावाच्या पोटाची सोय केली नाही. म्हणून सातबाऱ्यावर नावे सामाईक राहिली आणि बांध तोंडी कराराने पडत गेले.

ती सोय पुढे झाली ती कारखान्यांमुळे. पिंपरीत १९५४ मध्ये हिंदुस्थान अँटिबायोटिक्स आली आणि १९६२ मध्ये स्थापन झालेल्या एमआयडीसीने परिसराचे रूपच पालटले. कायम नोकरी लागलेल्या मुलाला ज्वारीसाठी रान कसायची निकड उरली नाही. जमीन राखली ती हक्क म्हणून, अडीनडीची पुंजी म्हणून. पुढे बिल्डर आला तेव्हा एकरांचा हिशेब कधीच गुंठ्यांवर आलेला होता.