कालपर्यंत तर नीट होती! : गाडीचं मिसिंग शोधण्याचा इतिहास

आज जुन्या गाड्यांबद्दल बोलूया. जुनी गाडी गॅरेजला टाकली, हेड खोलून काम झालं, बिल दिलं, आणि हडपसरच्या पुलाखाली सिग्नलला उभी राहिली की गाडी थरथरायला लागते. रेस सोडली की बंद. आपण म्हणतो, "कालपर्यंत तर नीट होती!" मेकॅनिक म्हणतो, "चालवा दोन दिवस, बसेल." आणि ते काही बसत नाही. मग दोष शोधायचा कसा? या प्रश्नाचं उत्तर आपल्याकडे तीनदा बदललंय, आणि तिन्ही वेळा त्यामागे सरकारी धोरणाचा हात होता.

हा विषय हडपसरमध्ये शोभतोही. इथल्या मुख्य ठिकाणाचं नावच गाडीतळ, गाड्यांचा तळ. इथे रस्ता फुटतो. वारीत ज्ञानोबांची पालखी दिवे घाटाकडे वळते आणि तुकोबांची सोलापूर रस्त्याने लोणी काळभोरला जाते. शेजारी मुंढव्याला १९६१ साली स्थापन झालेली भारत फोर्ज, तिथे क्रँकशाफ्ट घडतात.

याच रस्त्याच्या दुसऱ्या टोकाला, सोलापुरात, १८८२ साली वालचंद हिराचंद जन्मले. त्यांनी १९४४ मध्ये प्रीमियर ऑटोमोबाइल्स काढली. मुंबईत कुर्ल्याला त्यांचा कारखाना. पुढे तिथेच फियाट ११०० बनू लागली, तिचंच नाव १९७४ मध्ये पद्मिनी झालं. चार सिलेंडर, १०८९ सीसी. लायसन्स राजमध्ये किती गाड्या बनवायच्या हे सरकार ठरवायचं, त्यामुळे बुकिंग केलं की वर्षानुवर्षं वाट बघायची. नवी मिळत नाही म्हटल्यावर जुनीच पुन्हा पुन्हा दुरुस्त होणार ना? आपला 'कानाने गाडी ओळखणारा मिस्त्री' या टंचाईतून घडला, असं माझं मत आहे. नुसत्या हुशारीतून नाही.

तो काय करायचा ते बघा. गाडी चालू ठेवून एकेका प्लगची वायर काढायची. वायर काढल्यावर इंजिन आणखी अडखळलं तर तो सिलेंडर काम करतोय. काहीच फरक पडला नाही, तर मिसिंग तिथेच. (घरी हे करू नका, झटका जोरदार बसतो.) मग प्लग काढून रंग बघायचा. कोरडा काळा म्हणजे पेट्रोल जास्त, तेलकट काळा म्हणजे इंजिन ऑइल वर येतंय, पांढुरका म्हणजे पेट्रोल कमी किंवा इंजिन फार तापतंय. बदामी असला की छान.

पण ही झाली रोजची तपासणी. दुरुस्तीनंतर लगेच आलेल्या बिघाडाचा हिशोब वेगळा असतो. तिथे पहिला प्रश्न एकच, हात कुठे लागला होता? समजा हेडचं काम झालंय. म्हणजे प्लगच्या वायरी काढल्या होत्या. फियाटचा क्रम १-३-४-२. घाईत दोन वायरींची अदलाबदल झाली की दोन सिलेंडर मेले, वर बॅक फायर. किंवा डेल्को, म्हणजे डिस्ट्रिब्युटर, काढून परत बसवला असेल. इथली गंमत ऐका. क्रँक दोनदा फिरतो तेव्हा डेल्को एकदा फिरतो. त्यामुळे पुलीवरची खूण दोनदा जुळते, एकदा कॉम्प्रेशनला, एकदा एक्झॉस्टला. चुकीच्या वेळी बसवला तर सगळ्या खुणा बरोबर दिसतात आणि गाडी फक्त फटाके वाजवते!

तिसरी शक्यता इनटेक मॅनिफोल्डच्या गास्केटची. ते नीट बसलं नाही की इंजिन 'एअर घेतं'. आयडलिंगला गाडी थरथरते, रेस दिली की सुधारते, कारण मोठ्या हवेत ती चोरटी हवा जाणवत नाही. कार्बोरेटर बिचारा उगाच बदनाम होतो.

मग डिसेंबर १९८३ मध्ये मारुती ८०० आली. तीनच सिलेंडर! चारला सरावलेल्या कानाला तिचं आयडलिंगच मिसिंग वाटलं असेल तर नवल नाही. आणि तिला टायमिंग बेल्ट. बेल्ट बदलताना एक दात पुढेमागे झाला तरी गाडी सुरू होते, चालते, फक्त पिकअप जातो.

२००० च्या सुमारास प्रदूषणाचे नियम कडक झाले आणि ८०० मध्येही कार्बोरेटरच्या जागी एमपीएफआय आलं. १ एप्रिल २०१० ला पुण्यासह १३ शहरांत बीएस-४ लागू झालं. यादीत सोलापूरही होतं. याच नियमाबरोबर ओबीडी आलं, म्हणजे गाडीने आपला बिघाड स्वतः नोंदवून ठेवायचा. आणि याच नियमापायी ८०० ची या शहरांतली विक्री थांबली. तिचं उत्पादन २०१४ पर्यंत चाललं.

आज तुमच्या बाबांची 'जुनी गाडी' बहुधा या दोन सालांच्या मधली आहे, आणि तिचेच सगळ्यात जास्त हाल. आत कॉम्प्युटर आहे, पण प्रत्येक कंपनीची भाषा निराळी, त्यामुळे कोणताही स्वस्त स्कॅनर लावून भागेलच असं नाही. जुना मिस्त्री म्हणतो हे वायरिंगचं काम, नवा मुलगा म्हणतो स्कॅनर काही दाखवत नाही.

स्कॅनरने दाखवलं तरी सावध राहा. तेच गास्केट एअर घेत असेल तर ऑक्सिजन सेन्सरला मिश्रणात हवा जास्त दिसते आणि तो तसं कळवतो. स्क्रीनवर सेन्सरचं नाव येतं. लगेच नवा सेन्सर, काही हजारांचं बिल, आणि गाडी तशीच! सेन्सर खरं बोलत होता, शिक्षा त्यालाच. त्यामुळे खर्चाला हो म्हणण्याआधी गॅरेजमध्ये विचारा, काय काय खोललं होतं? त्या प्रत्येक जागेचा पाइप, कनेक्टर, अर्थची वायर तुमच्यासमोर हाताने हलवून दाखवायला सांगा. बेल्ट काढला असेल तर कव्हर उघडून खुणा दाखवायला सांगा. यातलं बरंचसं फुकटात होतं.

आणि ट्रायल मगरपट्ट्याच्या सपाट रस्त्यावर घेऊ नका. दिवे घाटात न्या. चढावर दम तोडली तर टायमिंग, कॉम्प्रेशन आणि पेट्रोलचा पुरवठा आधी तपासायचा. चढावर मस्त चालली आणि वर थांबून रेस सोडल्यावर थरथरली, तर एअर कुठून घेतेय ते शोधायचं.