खटक्याचा चाकू आणि रामपुरीची बदनामी

उल्हासनगर कॅम्प १ च्या बाजारात घडीचा चाकू मागितला की दुकानदार आधी विचारतो, "खटक्याचा पाहिजे की हाताने उघडायचा?" गिऱ्हाईक बघून उत्तराचा अंदाज बांधता येतो. फळवाला, पानवाला, घरासाठी घेणारा वयस्क माणूस हाताने उघडायचा मागतो. शिडीवर चढून एका हाताने काम करणाऱ्या वायरमनला खटक्याचा सोयीचा पडतो. आणि नुकतीच मिसरूड फुटलेली पोरेही खटक्याचाच मागतात. त्यांना काम काही नसते, तो 'खट्' आवाज हवा असतो.

हाताने उघडायचा चाकू घेणाऱ्याकडे कोणी वळून बघत नाही. खटक्याचा मागितला की शेजारचे गिऱ्हाईक मान वर करते. धार दोन्ही चाकूंना सारखीच असते. मग बदनामी एकट्या खटक्याच्या वाट्याला का आली? या प्रश्नाचा माग काढत गेलो तर वाटेत नवाबांचे रामपूर लागते, मुंबईचा सिनेमा लागतो, परदेशातले कायदे लागतात आणि आपल्या समाजावर बसलेला एक शिक्काही लागतो.

उघडण्याच्या तीन तऱ्हा

घडीच्या चाकूचे पाते मुठीत दुमडलेले असते. ते बाहेर काढण्याच्या मुख्य तऱ्हा तीन. पहिली निव्वळ हाताची. पात्यावरच्या खाचेत नख अडकवायचे आणि ओढायचे. दुसरी पूर्ण खटक्याची. आत ताणलेली कमान, म्हणजे स्प्रिंग, पात्याला बाहेर ढकलत असते आणि खटका ते अडवून धरतो. बटन दाबले की पाते आपोआप बाहेर येते.

तिसरी तऱ्हा या दोन्हींच्या मधली. तिच्यात बटन नसते. पात्याला मागे एक छोटा कान असतो, त्याला बोटाने ढकलायचे. पाते थोडे उघडले की उरलेले काम कमान करते. मात्र बोटाचा जोर लागेपर्यंत पाते बंद राहण्याकडेच ओढलेले असते. ही तऱ्हा सगळ्यात नवी. १९९० च्या दशकाच्या अखेरीस अमेरिकेत केन ओनियन या कारागिराने केरशॉ कंपनीसाठी केलेल्या चाकूंमुळे ती लोकप्रिय झाली. आज आपल्याकडे मिळणाऱ्या स्वस्त घडीच्या चाकूंतही हा प्रकार दिसतो. आपण मात्र कमान असलेल्या सगळ्यांनाच सरसकट खटक्याचे म्हणतो.

पसंतीमागे व्यवहार आहे. कमानीच्या चाकूला एक हात पुरतो, पण खिशातला कचरा, धागे, पावसाळ्यातला गंज कमानीत शिरला की तो अडतो आणि कमान तुटली तर दुरुस्तीला सहसा कोणी घेत नाही. हाताने उघडायच्या चाकूला दोन हात लागतात, पण त्यात बिघडण्यासारखे फारसे काही नसते. धारवाल्याकडून दर वर्षी धार लावून घेतली आणि खिळ्यावर तेलाचा थेंब सोडला की तो वर्षानुवर्षे चालतो.

वस्तऱ्याचे घराणे

घडीचे पाते आपल्याला मुळीच नवे नाही. न्हाव्याचा वस्तरा बघा. खिळ्यावर फिरणारे पाते, ना कमान ना कुलूप. हाताने उघडायच्या चाकूचा हा सख्खा भाऊ. वस्तरा हा शब्द फारसीतल्या 'उस्तुरा'वरून आला. चाकू तुर्की-फारसीकडून आला, कैची तुर्कीतून, खंजीर अरबीतून. सुरी मात्र संस्कृतातल्या क्षुरिकेची लेक. मराठी घरातल्या आणि बाजारातल्या धारदार वस्तूंची नावे एका ओळीत मांडली तर आपल्या मिश्र संस्कृतीचा धडा वेगळा शिकवायला नको.

वस्तऱ्याइतके धारदार पाते क्वचितच सापडेल. तरीही त्याच्यापुढे आपण मान देऊन, डोळे मिटून बसतो. भीती वाटत नाही, कारण ते कोणाच्या हातात आहे आणि कशासाठी उघडले आहे हे आपल्याला ठाऊक असते. भीती पात्याची नसून ते धरणाऱ्याविषयीच्या समजुतीची असते. रामपुरीच्या बाबतीत नेमकी हीच समजूत बिघडली.

रामपूरचे हुनर

उत्तर प्रदेशातले रामपूर संस्थान १७७४ साली रोहिला सरदार फैजुल्ला खान यांनी स्थापन केले. या शहराने देशाला बरेच काही दिले. रझा लायब्ररीतला हस्तलिखितांचा खजिना तिथला. मौलाना मोहम्मद अली जौहर यांचा जन्म १८७८ मध्ये तिथला. हिंदुस्थानी संगीतातले रामपूर-सहसवान घराणे याच दरबाराच्या आश्रयाने वाढले. त्या घराण्याचे उस्ताद गुलाम मुस्तफा खान आपल्या मुंबईतच राहिले आणि गायकांच्या कित्येक पिढ्या घडवून २०२१ साली इथेच वारले.

याच शहरात चाकू बनवणाऱ्यांचाही बाजार होता. तलवारी घडवणारे हात बंदुकांच्या जमान्यात चाकूकडे वळले, असे तिथली परंपरा सांगते. पितळेची किंवा शिंगाची मूठ, लांब निमुळते पाते आणि त्याला उघडे धरून ठेवणारे कुलूप ही रामपुरीची ओळख. त्यातला गरारीदार म्हणजे दात्यांचा प्रकार प्रसिद्ध आहे. यात पाते हातानेच उघडायचे असते, पण उघडताना एकेक दाता अडकत जातो आणि कट-कट-कट असा आवाज येतो. म्हणजे ज्या आवाजाची जगाला धास्ती, तो आवाज करणारा हा चाकू खऱ्या अर्थाने आपोआप उघडणारा नव्हेच. बटनदार प्रकार वेगळा.

असाच दात्यांचा चाकू स्पेनमध्येही आहे. त्याला तिथे नवाखा म्हणतात आणि हाच शब्द तिथे वस्तऱ्यालाही वापरतात. आल्बासेते हे त्याचे प्रसिद्ध गाव. नवाखाही मारामाऱ्यांत वापरला गेला, त्याच्यावरही बंदी-हुकूम निघाले. पण आल्बासेतेने आपल्या चाकूंचे संग्रहालय उभारले आणि तिथले कारागीर आज अभिमानाने आपला माल विकतात.

रामपूरचे तसे झाले नाही. १९९० च्या दशकात उत्तर प्रदेश सरकारने साडेचार इंचांपेक्षा लांब पात्याचे चाकू बनवण्यावर निर्बंध आणले आणि धंदा बसत गेला. मार्च २०२३ मध्ये रामपूरच्या एका चौकात २० फुटी चाकूचा पुतळा उभा राहिला. लोक तिथे फोटो काढतात. पुतळा आहे, पण तो चाकू घडवणारे हात आता मोजकेच उरलेत.

पडद्यावरचा चाकू

मुंबईला रामपुरी माहीत झाला तो मुख्यतः सिनेमातून. यश चोप्रांच्या १९६५ सालच्या 'वक्त'मध्ये राजकुमार आणि मदन पुरी यांच्यातला चाकूचा प्रसंग आजही लोक हावभावांसकट करून दाखवतात. त्या दोन पात्रांपैकी एकही मुसलमान नाही. पण पुढच्या पंधरा-वीस वर्षांत खलनायकाच्या टोळीतल्या गुंडाला गळ्यात रुमाल, अंगात जाळीचा बनियन आणि हातात रामपुरी देण्याची रीत पडली. त्यातल्या पुष्कळशा गुंडांची नावेही ठरावीक असत. नाव, कपडा आणि खटक्याचा आवाज यांची गाठ पक्की झाली ती अशी.

एकदा नववीच्या वर्गात मी 'रामपुरी' हे विशेषण लावून एक शब्दजोडी लिहायला सांगितली. बहुतेक सगळ्या वह्यांत एकच उत्तर होते : रामपुरी चाकू. रामपुरी घराणे कोणी लिहिले नाही, रामपुरी टोपीसुद्धा नाही. ती मुले आपल्याच समाजातली होती. दुसऱ्यांनी मारलेला शिक्का आपल्या पोरांनाही आपलाच वाटू लागतो, ही यातली खरी काळजीची गोष्ट आहे.

कायदा कशाला घाबरला?

खटक्याची धास्ती एकट्या भारताची नाही. दुसऱ्या महायुद्धानंतर अमेरिका-इंग्लंडात तरुणांच्या टोळ्यांची मोठी चर्चा होती. १९५५ च्या 'रिबेल विदाउट अ कॉज' या चित्रपटात अशा चाकूची मारामारी गाजली. १९५८ साली अमेरिकेने केंद्रीय कायदा करून खटक्याच्या चाकूंचा आंतरराज्य व्यापार रोखला. १९५९ साली इंग्लंडने असे चाकू बनवण्यावर आणि विकण्यावर बंदी आणली. त्या काळी खुनाला स्वयंपाकघरातली सुरीही पुरत होती, पण तिच्यावर बंदी घालणे शक्य नव्हते. खटक्याचा चाकू मात्र 'त्या' पोरांचा होता.

त्याच १९५९ साली आपला शस्त्र कायदा आला. त्याखालच्या १९६२ च्या नियमांनी कसोटी लावली ती मापाची : पाते नऊ इंचांपेक्षा लांब किंवा दोन इंचांपेक्षा रुंद असेल, आणि ते घरगुती, शेतीच्या किंवा उद्योगाच्या कामाचे नसेल, तर ते शस्त्र. उघडते कसे, हा प्रश्नच तिथे नव्हता. तो आला १९८० मध्ये. दिल्ली प्रशासनाच्या अधिसूचनेने कमानीचे, गरारीदार, बटनदार आणि कोणत्याही यांत्रिक युक्तीने उघडणारे चाकू वेगळे काढले. ७.६२ सेंटिमीटर, म्हणजे तीन इंच पात्यापासून त्यांच्यावर बंधन आले. हाताने उघडायचा दात्यांचा रामपुरीही त्यातच ओढला गेला.

मधल्या तऱ्हेच्या चाकूवर तर दोन देशांनी दोन टोकाचे निवाडे दिले. अमेरिकेने २००९ साली त्याला १९५८ च्या कायद्यातून वगळले, कारण पाते बंद राहण्याकडे ओढलेले असते आणि उघडायला माणसाचा जोर लागतो. ब्रिटनने २०१९ च्या कायद्यात खटक्याच्या चाकूची व्याख्या वाढवून त्यालाच बंदीत घेतले. चाकू तोच, कमान तीच.

आपल्याकडे काय?

महाराष्ट्रात रोजच्या व्यवहाराला लागू पडतो तो १९५१ चा मुंबई पोलीस कायदा, आताचा महाराष्ट्र पोलीस अधिनियम. त्याच्या कलम ३७ खाली मनाई आदेश निघतात. उल्हासनगर ठाणे पोलीस आयुक्तालयात येते, त्यामुळे सणासुदीला, निवडणुकीला हे आदेश आपल्याला परिचयाचे आहेत. या कलमात तलवारी, भाले, सोटे, लाठ्या यांच्याबरोबर सुरेही आहेत. ते खटक्याचे की हाताचे, हा भेद नाही. आदेश मोडला तर कलम १३५ खाली शिक्षा आहे. म्हणून आदेश लागू असताना कामाशिवाय कोणताच चाकू खिशात नको, हे आपल्या पोरांना स्पष्ट सांगायला हवे. 'माझा तर साधाच आहे' हे उत्तर तिथे चालत नाही.

म्हणजे आपल्या शहरात कायद्याच्या लेखी फरक नाही. फरक आहे तो नजरेत. एकाच्या खिशात सापडला तर तो 'चाकू' आणि दुसऱ्याच्या खिशात सापडला तर 'रामपुरी', मग तो रामपूरला बनलेला असो वा नसो. उल्हासनगर हे १९४९ साली नाव मिळालेले, फाळणीत सिंधमधून उखडलेल्या लोकांनी लष्करी बराकींत वसवलेले शहर. फाळणीत सुरे दोन्हीकडून चालले आणि त्यांची आठवण दोन्हीकडच्या घरांत आहे. अशा गावात तर एका वस्तूवर एका जमातीचे नाव चिकटवणे कोणालाच परवडणारे नाही.

हदीसमध्ये धारदार वस्तूंविषयी फार व्यवहारी सूचना आहेत. उपसलेली तलवार कोणाच्या हाती देऊ नये. बाण घेऊन मशिदीतून किंवा बाजारातून जाणाऱ्याने त्यांची टोके हातात धरावीत, म्हणजे कोणाला लागणार नाही. तिथे शस्त्राच्या जातीची चर्चा नाही, बाळगणाऱ्याच्या जबाबदारीची आहे. कायद्यानेही आणि समाजानेही याच कसोटीवर माणूस तपासावा, एवढेच मागणे आहे.

तेव्हा घरात फळे कापायला, दुकानात खोकी उघडायला चाकू घ्यायचा असेल तर हाताने उघडायचा घ्या, टिकेल. एका हाताने काम करायची खरीच गरज असेल तर कमानीचा घ्या. नुसता आवाज ऐकवायला कोणताच घेऊ नका. आणि पुढच्या वेळी घरातल्या मुलाने रामपुरी म्हणजे काय असे विचारले, तर चाकूबरोबर तिथली लायब्ररी आणि तिथले गाणेही त्याला सांगा.