बत्तीस मेगाबाइटचा खिसा

सप्टेंबर १९९८मध्ये अमेरिकेतल्या डायमंड मल्टिमीडिया कंपनीनं ‘रिओ पीएमपी३००’ नावाची एक डबी बाजारात आणली. साधारण पत्त्यांच्या कॅटाएवढी. आत एक पेन्सिल सेल, किंमत २०० डॉलर, साठवण ३२ मेगाबाइट. कोरियाच्या सेहान कंपनीचा ‘एमपीमॅन’ त्याच वर्षी तिच्याआधी आला होता. पण गाजली रिओ, आणि तीही खटल्यामुळे.

३२ मेगाबाइटमध्ये मावतं तरी काय? सीडीसाठी आवाजाची मोजणी सेकंदाला ४४,१०० वेळा होते, तीही डाव्या आणि उजव्या बाजूची वेगवेगळी. प्रत्येक मोजमाप १६ बिटांचं. या हिशेबानं मिनिटाला सुमारे १० मेगाबाइट खर्ची पडतात. म्हणजे सीडीवरचं चार मिनिटांचं एक गाणंही रिओत पुरं बसलं नसतं. तरी तिच्यात अर्धा तास संगीत मावायचं.

ही किमया जर्मनीतल्या एर्लांगेनची. तिथल्या फ्राउनहोफर संस्थेत कार्लहाइन्झ ब्रान्डेनबुर्ग आणि सहकाऱ्यांनी कानाच्या उणिवाच कामाला लावल्या. ताशा कडाडत असताना शेजारची कुजबुज ऐकू येत नाही. मग जे कानाला कळणारच नाही, ते जपून ठेवायचं कशाला? एमपी३ पद्धत असे झाकले जाणारे बारकावे गाळते किंवा ढोबळपणे नोंदवते. नेहमीच्या वापरात फाइल सीडीच्या अकराव्या हिश्शावर येते.

त्यांची खरी परीक्षा घेतली ती गायिका सुझान व्हेगाच्या ‘टॉम्स डायनर’ या गाण्यानं. साथीला एकही वाद्य नाही, नुसता गळा. चूक लपायला आडोसाच नाही. सुरुवातीला तो आवाज पार बिघडून यायचा. ब्रान्डेनबुर्ग ते गाणं पुन:पुन्हा ऐकत गणित सुधारत राहिले.

रिओच्या पोटात फिरणारं काहीच नव्हतं. फ्लॅश चिपच्या सूक्ष्म कप्प्यांत इलेक्ट्रॉन कोंडलेले असतात. सेल काढला तरी ते तिथंच राहतात. गाणं लावलं की आधी फाइल उलगडून आकडे तयार होतात, मग त्या आकड्यांची विजेची लहर होते आणि तिच्यावर हेडफोनचा पडदा थरथरतो. धक्का बसला तरी गाणं अडखळत नसे.

ध्वनिमुद्रण कंपन्यांच्या संघटनेनं ऑक्टोबर १९९८मध्ये रिओविरुद्ध न्यायालय गाठलं. जून १९९९मध्ये अपील न्यायालयाचा निकाल डायमंडच्या बाजूनं लागला: स्वत:कडचं संगीत सोबत नेता यावं म्हणून केलेली प्रत हा खासगी वापरच.

जागेची अडचण सोडवली हार्ड डिस्कनं. तोशिबानं १.८ इंची, ५ गिगाबाइटची डिस्क बनवली होती. ॲपलनं ती ऑक्टोबर २००१मध्ये आयपॉडमध्ये बसवली आणि हजार गाणी खिशात आली. सतत फिरणाऱ्या डिस्कनं बॅटरी संपवली असती. म्हणून पुढची काही मिनिटं ३२ मेगाबाइटच्या तात्पुरत्या स्मृतीत उपसून डिस्क झोपी जाई. रिओची सगळी कोठी इथं नुसती ओसरी झाली होती.

पुढे फ्लॅश स्वस्त झाली. २००५च्या आयपॉड नॅनोतून डिस्क गेली, नंतर मोबाइलनं प्लेअरच गिळला. मे २०२२मध्ये ॲपलनं आयपॉड बंद केल्याचं जाहीर केलं.

भारतात २०१७मध्ये सारेगामानं ‘कारवाँ’ आणला. रूप जुन्या रेडिओचं, आत आधीच भरलेली ५,००० गाणी. रिओच्या मालकाला अर्ध्या तासात काय बसवायचं हे ठरवावं लागे. कारवाँच्या मालकाला फक्त बटण फिरवायचं होतं.