‘माझी किंमत तुम्हीच ठरवा’ असं सांगणारं नाणं : अमेरिकेतली वसाहतकाळातली तांब्याची नाणी लोक का जमवतात?

कनेक्टिकटच्या सॅम्युअल हिग्ली या डॉक्टरने १७३७ मध्ये तांब्याची नाणी पाडली. वर हरणाचं चित्र आणि किंमत तीन पेन्स. एवढ्याशा तांब्याला तीन पेन्स कशाला, अशी कुरकुर झाली म्हणतात. मग नव्या नाण्यांवर मजकूर आला, ‘माझी किंमत हवी तेवढी ठरवा’. मागच्या बाजूला, ‘मी चांगलं तांबं आहे’. तीनचा रोमन आकडा मात्र तसाच ठेवला!

एका डॉक्टरवर नाणी पाडायची वेळ का आली? कारण ब्रिटनला वसाहतींमध्ये टांकसाळ नको होती आणि लंडनहून चिल्लर पुरेशी येत नव्हती. मग जे मिळेल ते चालायचं. मार्क न्यूबी नावाच्या माणसाने १६८१ मध्ये आयर्लंडहून आणलेली तांब्याची नाणी पुढच्याच वर्षी न्यू जर्सीत कायदेशीर ठरली. इंग्लिश हाफपेनीच्या नकलाही सर्रास फिरायच्या.

स्वातंत्र्यानंतर कनेक्टिकट, न्यू जर्सी, व्हर्मॉन्ट, मॅसॅच्युसेट्स यांनी आपापली तांब्याची नाणी काढली. खरं तर ही वसाहतकाळातली नाहीत, पण संग्राहक त्यांनाही ‘कलोनियल’च म्हणतात.

या छंदाची खरी गंमत ठशांमध्ये आहे. नाणं पाडायचे ठसे हाताने कोरलेले असायचे. एक झिजला की दुसरा कोरायचा, त्यामुळे कुठे अक्षर तिरकं, कुठे स्पेलिंग चुकलेलं. एकट्या कनेक्टिकटच्या नाण्यांमध्ये ठशांच्या ३०० हून जास्त जोड्या सापडल्या आहेत. म्हणूनच झिजलेलं, ओबडधोबड नाणंही भाव खाऊन जातं, फक्त त्याची जोडी दुर्मीळ हवी. एडवर्ड मॅरिस यांनी १८८१ मध्ये न्यू जर्सीच्या नाण्यांना दिलेले क्रमांक संग्राहक आजही वापरतात.

खोट्या नाण्यांचं गणित तर उलटंच आहे. न्यूयॉर्कमधल्या न्यूबर्गजवळच्या मॅचिन्स मिल्समध्ये १७८० च्या दशकात पाडलेल्या बनावट हाफपेनी आज आवडीने घेतल्या जातात, कारण त्या खरोखर बाजारात चालल्या होत्या. फसवायला आज बनवलेली नक्कल मात्र कवडीमोलाची. नकली नाण्यावर ‘कॉपी’ असं उमटवणं अमेरिकेत १९७३ च्या कायद्याने बंधनकारक आहे. फसवणाऱ्याला कायद्याची कसली फिकीर! म्हणून हिग्लीसारखं फार थोडं उरलेलं नाणं स्वस्तात मिळत असेल, तर तपासल्याशिवाय पैसे द्यायचे नसतात.

नवखे लोक बऱ्याचदा १७७३ च्या व्हर्जिनिया हाफपेनीपासून सुरुवात करतात. लंडनमध्ये पाडलेलं हे नाणं व्हर्जिनियात पोहोचेपर्यंत क्रांतीचे वारे वाहू लागले होते. पुढे बाल्टिमोरच्या कोहेन कुटुंबाकडे त्याचा न वापरलेला मोठा साठा निघाला, त्यामुळे चांगल्या अवस्थेतली नाणी अजूनही मिळतात. घेतल्यावर एकच पथ्य. ते चिंच लावून चकचकीत करायचं नाही. तांब्यावरचा जुना तपकिरी थर गेला, की किंमतही गेली.