'जात : मिक्स' – एका रकान्याचा इतिहास

मागच्या महिन्यात मैत्रिणीबरोबर प्राण्यांच्या एका शेल्टरमध्ये गेले होते. तिला कुत्र्याचं पिल्लू दत्तक घ्यायचं होतं. चारेक महिन्यांचं, तांबूस, एक कान उभा आणि एक पडलेला असं एक पिल्लू तिला बघताक्षणी आवडलं. पिंजऱ्यावर कार्ड होतं : वय, रंग, लसीकरण आणि 'जात : मिक्स'. आमच्या आधी आलेल्या कुटुंबाने कार्ड वाचलं आणि "मिक्स आहे, नको" म्हणून ते पुढे गेले. मी तिथल्या ताईंना विचारलं, "मिक्स म्हणजे कशाकशाचं?" त्या म्हणाल्या, "अगं, रस्त्यावरचं पिल्लू आहे. सगळ्यांना तेच लिहितो आम्ही."

मी सायन्सवाली. रकान्यात काही भरलेलं दिसलं की ते कोणीतरी तपासलं असणार, असं धरून चालायची सवय. इथे कोणी काहीच तपासलं नव्हतं. मग हा शब्द आला कुठून? शोधत गेले, तर प्रकरण थेट १८३२ च्या मुंबईपर्यंत गेलं.

आधी प्रश्न मालकीचा होता

मुंबईत उन्हाळ्याच्या दिवसांत मोकाट कुत्री मारायची सरकारी पद्धत होती. १८३२ मध्ये ही मुदत वाढवली गेली आणि प्रत्येक कुत्र्यामागे आठ आणे बक्षीस होतं. आता गंमत बघा. कोणतं कुत्रं पाळलेलं आणि कोणतं बेवारस, हे रस्त्यावर ठरवणार कोण? ज्याला आठ आणे मिळणार, तोच!

पारशी धर्मात कुत्र्याला मोठा मान आहे. मृतदेहाला कुत्र्याची नजर दाखवण्याचा 'सगदीद' हा विधी त्यांच्याकडे आहे. रोजच्या जेवणातला घास कुत्र्यासाठी काढून ठेवायची रीतही होती. म्हणजे कायद्याच्या भाषेत जे बेवारस, ते या घरांच्या दृष्टीने बेवारस नव्हतंच. ६ जून १८३२ ला फोर्ट भागात कुत्री मारणाऱ्या शिपायांवर जमाव चालून गेला. दुसऱ्या दिवशी दुकानं बंद राहिली, कुलाब्याच्या लष्करी छावणीकडे जाणारी रसद अडवली गेली आणि शेवटी सैन्य बोलवावं लागलं.

दोन वर्षांनी, १८३४ मध्ये, जमशेटजी जीजीभॉय आणि मोतीचंद अमीचंद यांनी मुंबईत पांजरपोळ सुरू केली. पण पांजरपोळीची कल्पना जनावराला मरेपर्यंत सांभाळायची. त्याला नवं घर शोधून देणं हा तिचा मूळ हेतू नव्हता. तो विचार आपल्याला लंडनमध्ये दिसतो. मेरी टील्बी यांनी १८६० मध्ये हॉलोवे भागात हरवलेल्या कुत्र्यांसाठी घर काढलं. तेच पुढे १८७१ मध्ये बॅटर्सीला गेलं.

मग आली 'जात'

साधारण याच काळात इंग्लंडमध्ये दुसरी एक गोष्ट घडत होती. १८५९ मध्ये न्यूकॅसलला कुत्र्यांचं प्रदर्शन भरलं. १८७३ मध्ये केनेल क्लब स्थापन झाला आणि वंशावळीची नोंदवही आली. शिकारीची, राखणीची, मेंढ्या वळणारी कुत्री आधीही वेगवेगळी होतीच. नवीन होती ती नोंदवही : आई-बाप वहीत असतील तर पिल्लू शुद्ध, नसतील तर मिश्र. 'शुद्ध' ठरल्याशिवाय 'मिक्स' हा शब्दच जन्माला येत नाही, हे लक्षात घ्या.

आणि आपल्या रस्त्यावरच्या कुत्र्यांना इंग्रज काय म्हणत? 'पराया डॉग'. हा शब्द तमिळमधल्या परैयर या जातीच्या नावावरून आलाय. माणसांच्या एका जातीचं नाव हिणवण्यासाठी वापरायचं आणि तेच कुत्र्याला चिकटवायचं! मराठीत तर आपण त्या रकान्याला 'जात' असंच म्हणतो. हे वाचताना थोडं टोचलं, तर टोचू द्या.

स्वतंत्र भारतात २००१ चे प्राणी जन्मनियंत्रण नियम आले. त्यात कुत्र्यांचे दोनच वर्ग केले : पाळीव आणि रस्त्यावरचे. म्हणजे १८३२ चा मालकीचा प्रश्न परत आला, पण उत्तर बदललं होतं. रस्त्यावरच्या कुत्र्यांची नसबंदी आणि लसीकरण करायचं होतं. २०२३ च्या नियमांत 'सामुदायिक प्राणी' हा शब्द आला. घास काढून ठेवणाऱ्या त्या पारशी घरांना तो लगेच कळला असता.

जीनोम काय म्हणतो?

२०१५ मध्ये पीएनएएस या जर्नलमध्ये एक पेपर आला. त्यात ३८ देशांतल्या ५४९ गावकुत्र्यांची आणि १६१ ब्रीड्सच्या साडेचार हजारांहून जास्त कुत्र्यांची जनुकीय तुलना आहे. दक्षिण पॅसिफिकसारख्या काही भागांतली गावकुत्री जवळजवळ पूर्णपणे युरोपीय वंशाची निघाली. भारत, व्हिएतनाम आणि इजिप्तमध्ये मात्र युरोपीय मिश्रणाच्या खुणा अगदी कमी सापडल्या. म्हणजे आपल्याकडचं गावठी कुत्रं हे लॅब्राडोर अधिक अल्सेशियन अशी खिचडी नाही. हा वेगळा, जुना समूह आहे. वहीच्या बाहेर राहिला म्हणून तो 'मिक्स' ठरला.

पण घाई नको. हा निष्कर्ष समूहाबद्दल आहे. शेल्टरमधल्या त्या एका पिल्लाच्या आजोबांबद्दल तो काही सांगत नाही. शहरात पाळीव कुत्र्यांशी संकर होतोही. तपासणी केल्याशिवाय 'मिक्स' म्हणणं जितकं चूक, तितकंच 'शुद्ध देशी' म्हणणंही चूक.

आणि ब्रीड कळलं तरी स्वभाव कळतो का? २०२२ मध्ये सायन्स जर्नलमधल्या अभ्यासात १८ हजारांहून जास्त कुत्र्यांच्या मालकांनी प्रश्नावली भरली, आणि २,१५५ कुत्र्यांचा डीएनए वाचला गेला. एकेका कुत्र्याच्या वागण्यातल्या फरकांपैकी फक्त ९ टक्क्यांच्या आसपास फरक ब्रीडवरून सांगता आला. ते कुटुंब ज्या रकान्यावरून परत फिरलं, त्यात त्यांना हवी असलेली माहिती जवळजवळ नव्हतीच.

रिसर्चची तयारी करणाऱ्यांना माझं सांगणं एवढंच : हातात डेटा आला की आकड्यांच्या आधी रकान्यांची नावं वाचा. ही वर्गवारी कोणी केली, कधी केली, कशासाठी केली? भरणाऱ्याने मोजून भरलं की बघून? रुग्णालयाच्या नोंदी असोत, जनगणना असो की प्रयोगशाळेतल्या नमुन्यांची यादी, हे प्रश्न सगळीकडे लागू पडतात. प्रपोजलमध्ये यावर एक परिच्छेद लिहिलात, तर मुलाखतीत त्याचा नक्की उपयोग होईल.

पिल्लू मैत्रिणीने घरी नेलं. दत्तकपत्रावर तोच रकाना परत आला, तेव्हा तिने पेन माझ्याकडे दिलं. मी लिहिलं, 'तपासलेली नाही'. ताई हसल्या, पण त्यांनी शिक्का मारला.